भट्टीत काय ठरतं? तांब्याचे सिंटर केलेले बुश, पॅड आणि क्लच प्लेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासेमारीबंदीचे ६१ दिवस सुरू झाले, की गोव्यातल्या मालीम आणि कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरांचे गिअरबॉक्स उघडे पडतात आणि माझा फोन वाजू लागतो. क्लच प्लेटवरचा तांबूस थर सुटलाय, काय झालं असेल? पुढे कॉलेजं सुरू झाली, की फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन दारात उभी राहतात : तांबं, ग्रॅफाइट, सिंटरिंग, झीज. तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा, प्रश्न आणि विद्यार्थ्याचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, फक्त भाषा वेगळी. माझी नोकरी पावडरपासून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात झाली, भट्टी आणि तपासणीचं टेबल यांच्या मधोमध. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून हे लिहून ठेवलं.

सिंटरिंग म्हणजे नेमकं काय? त्यात तांबं वितळतं का?

खाणपट्ट्यातल्या लोकांना ‘सिंटर’ हा शब्द नवा नाही. डिचोली-सांगेकडचं बारीक खनिज ब्लास्ट फर्नेसमध्ये तसंच टाकता येत नाही. आधी ते भाजून त्याची ढेकळं करतात, त्यांना सिंटर म्हणतात. शब्द तोच, पण आपलं काम त्याहून नाजूक.

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचे बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) किंवा पॅड (ब्रेकचा घासणारा ठोकळा) सिंटर होतात ते ७५० ते ९५० अंशांच्या टप्प्यात. म्हणजे तांबं घनच राहतं. पावडर डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून जी कच्ची वडी निघते ती हातातून पडली तर तुकडे होतात, कारण कण फक्त एकमेकांत रुतलेले असतात. भट्टीत गेल्यावर, जिथे कण टेकलेले आहेत तिथे अणू सरकत येतात आणि जोड धरू लागतो. या जोडाला ‘मान’ म्हणतात. दोन लाडू चिकटून मधे आखूड मान तयार व्हावी, तसं.

आगरातलं मीठ बरणीत भरून ठेवा आणि आषाढ लागू द्या. दाणे वितळून पाणी होत नाहीत, पण चमचा घातला तर गठ्ठाच हलतो. दमट हवेतलं पाणी दाण्यांवर खारट थर धरतं आणि टेकलेल्या ठिकाणी पूल बांधून सुकतं. तांब्यात कथिल मिसळलेलं असलं, की भट्टीत याच्याच जवळपासचं काही घडतं. कथिल २३२ अंशांनाच वितळतं, तांब्याच्या कणांवर पसरतं, मग तांब्यात विरघळून ब्रॉन्झ होतं आणि वेगळं असं उरत नाही. कथिलाचा कण जिथे होता तिथे मात्र छिद्र राहतं. ते छिद्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एवढा खटाटोप कशाला? ओतकाम का करत नाहीत?

देवळातली घंटा ओतता येते, कारण तांबं आणि कथिल एकमेकांत मिसळतात. आपल्या भागांत वंगण म्हणून घालायचं ग्रॅफाइट मिसळत नाही. वितळलेलं तांबं ग्रॅफाइटवर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होतं. शिवाय ग्रॅफाइटची घनता २.२ आणि तांब्याची ८.९, त्यामुळे सगळं ग्रॅफाइट वर तरंगणार.

घर्षण कमी झालं की झीजही कमी होते ना?

नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी इंजिनिअरांकडूनही ऐकली आहे. पेन्सिल कागदावर किती सहज सरकते, आणि तरी संपत जाते. त्या पेन्सिलीतलं ‘शिसं’ ग्रॅफाइटच असतं. उलट चांगल्या ब्रेक पॅडचं घर्षण भरपूर असतं आणि तो हजारो किलोमीटर टिकतो.

म्हणून सिंटरिंगबद्दल बोलण्याआधी भाग कसला आहे ते सांगा. बुशला घर्षण कमी हवं. पॅडला आणि क्लच प्लेटला ते भरपूर हवं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थिर हवं : थंड असताना, तापल्यावर, पावसात, सगळीकडे सारखं. मोटारसायकलच्या सिंटर पॅडवर बऱ्याचदा ‘एचएच’ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड घर्षणाचं, दुसरं गरम घर्षणाचं. ‘एच’ म्हणजे घर्षणांक ०.५५ च्या वर. दोन्ही अक्षरं सारखी असणं हीच त्या पॅडची खरी ओळख.

तापमान किती ठेवायचं? जास्त भाजलं तर जास्त मजबूत, असं नाही का?

या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त माल भंगारात गेलेला मी पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कमी भाजलं, तर माना बारीक राहतात. भाग दिसायला ठीक, माप ठीक, पण शाफ्ट फिरायला लागला की कण कणापासून सुटतो. सुटलेला कण कुठे जात नाही. तो दोन पृष्ठभागांच्या मध्येच लोळतो आणि दोघांनाही ओरबाडतो. पॅडमध्ये सिलिका किंवा ॲल्युमिनाचे कठीण कण घातलेले असतात, त्यांना धरून ठेवणारं तांबंच कच्चं असेल तर ते आधी निखळतात. मग डिस्कवर गोल गोल चरे पडतात आणि लोक म्हणतात, पॅड फार ‘कडक’ आहे. खरं तर पॅड कच्चा असतो.

१० टक्के कथिलाच्या ब्रॉन्झमध्ये कमी भाजल्याची आणखी एक खूण सापडते. कथिल तांब्यात पुरतं विरघळत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फिकट निळसर बेटं दिसतात. ती कथिलाचं प्रमाण जास्त असलेली, कठीण आणि ठिसूळ. बेट फुटलं की पुन्हा तोच ओरबाडा.

बेताचं भाजलं, म्हणजे ब्रॉन्झला साधारण ८०० अंशांच्या आगेमागे आणि लोखंड मिसळलेल्या घर्षण-मालाला (पॅड-प्लेटच्या मालाला) ८५० ते ९५०, तर माना जाड होतात आणि कणांच्या कडा गोलसर होतात. आता पृष्ठभागावर वेगळंच घडतं. घासून निघालेलं ग्रॅफाइट, तांब्याची आणि ऑक्साइडची बारीक भुकटी एकत्र चेपली जाऊन काळपट थर बनतो. हा थरच खरं काम करतो. घर्षण तो ठरवतो आणि झीज तो अडवतो. पण थराला खाली भक्कम जमीन लागते. खालचे कण हलत असतील तर थर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि घर्षणाची रेघ ग्राफवर करवतीच्या दात्यांसारखी येते.

जास्त भाजलं, तर तीन गोष्टी बिघडतात. धातूचे स्फटिक मोठे होतात आणि कडकपणा उतरतो. ८३०-८४० अंशांच्या पुढे १० टक्के कथिलाच्या ब्रॉन्झला पुन्हा द्रव सुटायला लागतो. भागाला घाम फुटल्यासारखे थेंब दिसतात आणि आकार बसतो. तिसरी गोष्ट पॅडमध्ये लोखंड असेल तर : तापलेलं लोखंड ग्रॅफाइट खाऊ लागतं. त्यातून पोलादासारखे कठीण भाग तयार होतात. वंगण म्हणून घातलेलं ग्रॅफाइट कमी झालं आणि डिस्क ओरबाडणारं वाढलं, असा दुहेरी तोटा. म्हणून ‘अजून वीस अंश वाढवून बघू’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला मी कायम विचारायचो, लोखंड किती टक्के आहे?

आणि वेळ?

माना धरण्याचं बरंचसं काम पहिल्या काही मिनिटांत होतं. लहान बुशला भट्टीच्या तप्त भागात मिनिटं पुरतात, क्लच प्लेटच्या चळतीला मधल्या प्लेटपर्यंत उष्णता पोचेपर्यंत तास लागतात. उगाच लांबवलं तर फक्त स्फटिक फुगतात.

आमच्या ट्रॉलरच्या क्लच प्लेटवरचा थर सुटला. दोष कुणाचा?

आधी प्लेट स्वच्छ पुसा आणि जिथून थर गेला ती जागा उन्हात धरून बघा.

या प्लेटा बनवताना पोलादाच्या चकतीवर तांब्याचा मुलामा देतात, त्यावर घर्षण-मालाचा थर ठेवतात, चळत रचतात आणि वरून दाब देऊन घंटेच्या आकाराच्या भट्टीत भाजतात. मुलाम्यामुळे माल पोलादालाही मान धरतो. थर गेलेल्या जागी पोलाद अगदी स्वच्छ, चकचकीत दिसत असेल, तर तिथे जोड कधी बसलाच नव्हता. मुलामा खराब असेल, नाहीतर पृष्ठभागावर ऑक्साइड असेल, नाहीतर दाब कमी पडला असेल. हा बनवणाऱ्याचा दोष. पोलादावर तांबूस माल खडबडीत चिकटलेला दिसत असेल, तर जोड टिकला आणि माल मधूनच फाटला. असं बहुतेक वेळा प्लेट घसरत राहून अति तापल्यामुळे होतं. तेल काळं पडलं होतं का, दाब कमी येत होता का, जाळं ओढताना क्लच अर्धवट धरत होता का, हे आठवा. निळसर झालेली पोलादी चकतीही हीच साक्ष देते.

भट्टीत हायड्रोजन कशाला? साध्या हवेत भाजलं तर?

साध्या हवेत तांब्याच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो, आणि पापुद्र्यातून मान धरत नाही. म्हणून अमोनियाचं विघटन करून मिळणारा वायू वापरतात : तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन. हायड्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि पाण्याची वाफ बनून निघून जातो.

निघून जायला वाट असेल तर. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण पटली एका जुलैमध्ये. रात्रपाळीत कुणीतरी पावडरच्या ड्रमचं झाकण नीट लावलं नव्हतं. आपल्याकडचा पाऊस, चार दिवस ड्रम तसाच. पावडर जराशी काळवंडलेली दिसत होती, पण माल पाठवायची घाई होती. भट्टीतून बाहेर आलेल्या पॅडवर फोड होते, पापडासारखे. ऑक्साइड जास्त, तापवण्याचा वेग जास्त. बाहेरची छिद्रं बंद झाली आणि आतली वाफ कोंडली. ज्या पॅडवर फोड दिसत नव्हते ते पाठवले गेले. महिन्याभरात तेही परत आले. आत माना फाटलेल्या होत्या.

तेव्हापासून मी सांगतो : पावसाळ्यात ड्रम उघडला की तो त्याच पाळीत संपवा, नाहीतर सिलिका जेल घालून बंद करा. भट्टीत ४००-५०० अंशांच्या टप्प्यावर जरा रेंगाळा, वाफेला बाहेर पडू द्या, मग वर चढा.

छिद्रं असलेला भाग कमजोर नाही का? ती सगळी बुजवायला नकोत?

टेबलफॅनच्या बुशला विचारा. त्यात आकारमानाच्या १८ ते २५ टक्के छिद्रंच असतात, तेलाने भरलेली. शाफ्ट फिरला की बुश तापतो, तेल फुगून बाहेर येतं. थांबला की छिद्रं ते परत शोषून घेतात. वर्षानुवर्षं कुणी तेल घातलेलं नसतं तरी पंखा चालतो. कथिलाने मागे ठेवलेली छिद्रं ती हीच.

जास्त भाजून घनता ९२-९५ टक्क्यांच्या पुढे नेली, तर छिद्रं एकमेकांपासून तुटतात. ती असतात, पण विहिरीला झरा नसावा तशी. तेल आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही. बुश जास्त मजबूत होतो आणि लवकर मरतो.

पॅडची गोष्ट उलटी नाही, पण वेगळी आहे. तिथे थोडी छिद्रं भुकटी सामावून घेतात, पावसाचं पाणी बाजूला करायला मदत करतात. फार झाली तर माल चेपतो आणि तडे जोडले जातात. सुक्या घर्षणाच्या भागात मोठ्या, वेड्यावाकड्या छिद्रांपेक्षा लहान, गोल छिद्रं केव्हाही बरी. भेगा टोकदार कोपऱ्यातून निघतात.

ग्रॅफाइट किती टक्के घालावं?

टक्के वजनाचे की आकारमानाचे, ते आधी ठरवा. वजनाने ५ टक्के ग्रॅफाइट म्हणजे छिद्रं सोडून आकारमानाने साडेसतरा टक्के. वजनाने १० टक्के म्हणजे जवळजवळ ३१. प्रोजेक्टवाली मुलं ‘फक्त दहा टक्के’ म्हणतात तेव्हा त्यांच्या नमुन्याचा एक तृतीयांश भाग ग्रॅफाइट असतो, आणि मग नमुना बोटाने का खरवडला जातो याचं त्यांना नवल वाटतं. तांबं ग्रॅफाइटला मान धरत नाही. ग्रॅफाइट वाढलं, की तांब्या-तांब्याच्या माना कमी होतात. घर्षण उतरतं, पण एका मर्यादेपुढे झीज वर जाते. तांब्याचा मुलामा दिलेलं ग्रॅफाइट वापरलं तर हे बरंच सांभाळता येतं. महाग पडतं, पण पैसे वसूल.

ग्रॅफाइटऐवजी मोलिब्डेनम डायसल्फाइड हे दुसरं घसरडं वंगण वापरलं तर?

तुम्ही जे घालता तेच भट्टीतून बाहेर येईल, असं धरून चालू नका. सिंटरिंगच्या तापमानाला तांबं आणि लोखंड त्यातलं गंधक ओढून घेतात आणि तांब्याचे, लोखंडाचे सल्फाइड बनतात. ते निरुपयोगी नसतात, पण आपण घातलेलं घसरडं वंगण राहिलेलं नसतं. एक्स-रे विवर्तनाचा (नमुन्यात कोणती संयुगं आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीचा) अहवाल नसताना ‘मोलिब्डेनम डायसल्फाइडमुळे घर्षण कमी झालं’ असं लिहिलेलं मी मानत नाही.

गोव्याच्या दमट हवेचा काही परिणाम?

होतो, आणि इथे ग्रॅफाइटची बाजू वरचढ आहे. ग्रॅफाइट घसरडं असतं ते हवेतल्या पाण्याच्या वाफेमुळे. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांच्या मोटरमधले कार्बन ब्रश बघता बघता भुकटी होऊन जायचे; वर हवा कोरडी, म्हणून. मोलिब्डेनम डायसल्फाइड नेमकं उलट : पोकळीत उत्तम, दमट हवेत खालावतं. त्यामुळे एखाद्या कोरड्या शहरातल्या प्रयोगशाळेचे आकडे वेर्ण्यात ऑगस्टमध्ये जुळले नाहीत, तर लगेच भट्टीला दोष देऊ नका. चाचणीच्या वेळची आर्द्रता लिहून ठेवा.

कडकपणा वाढवला की झीज कमी, असा नियमच आहे ना?

झिजेचा अभ्यास करणाऱ्या आर्चर्डचं १९५३ चं समीकरण तेच सांगतं : झीज ही भार आणि अंतर यांच्या प्रमाणात, कडकपणाच्या व्यस्त प्रमाणात. पण त्या समीकरणात एक गुणांक आहे, आणि सिंटर मालाची सगळी गंमत त्या गुणांकात दडलेली आहे. दोन नमुन्यांचा कडकपणा सारखा असून एकाच्या माना कच्च्या असल्या, तर झीज कितीतरी पट वेगळी येते. सच्छिद्र मालावर कडकपणा मोजताना सुई छिद्रात बसली की आकडा तसाही फसवतो. सिलिकॉन कार्बाइड घालून कडकपणा वाढवणाऱ्यांनी आणखी एक बघावं : जास्त तापमानाला तांबं सिलिकॉन कार्बाइडशी झगडतं, सिलिकॉन तांब्यात शिरतं. ॲल्युमिना त्या मानाने शांत.

स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग घेतलं तर हे सगळे प्रश्न सुटतात का?

ग्रॅफाइटच्या डायमध्ये दाब आणि विजेचे झटके एकाच वेळी; काही मिनिटांत, कमी तापमानाला, जवळजवळ पूर्ण घनता. स्फटिक बारीक राहतात, नको त्या अभिक्रियांना वेळ मिळत नाही. संशोधनाला छान. पण एका वेळी एक चकती निघते, आणि तेल पिणारा बुश हवा असेल तर पूर्ण घनता हवीय कुणाला?

पायलटचा (भाड्याच्या मोटारसायकलचा) धंदा करतो. सिंटर पॅड घातला तर डिस्क लवकर जाईल का?

डिस्क त्यासाठी बनलेली नसेल तर हो, लवकर झिजेल. पावसात मात्र सिंटर पॅड पहिल्याच दाबाला धरतो, आणि बोरीच्या उतारावर मागे माणूस बसवून जाणाऱ्याला डिस्कच्या किमतीपेक्षा ते जास्त मोलाचं. पॅडला तेल लागलं असेल तर टॉर्चने जाळून पुन्हा बसवण्याची गॅरेजमधली पद्धत सोडा. छिद्रांतलं तेल जळून खोलवर कोळसा राहतो, पॅड चिकटवलेला असेल तर तो जोडही जातो.

ब्रेकच्या तांब्याच्या भुकटीने नदी बिघडते म्हणतात, खरं का?

मासे आणि पाण्यातले बारीक जीव तांब्याला फार संवेदनशील असतात. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये यावर कायदा केला : २०२१ पासून पॅडमध्ये वजनाने ५ टक्क्यांपेक्षा जास्त तांबं नको, २०२५ पासून ०.५ टक्के. तो रस्त्यावरच्या मोटारगाड्यांच्या ब्रेक पॅडसाठी आहे. तेलात बुडालेल्या क्लच प्लेटची भुकटी तेलातच राहते. ते तेल मांडवीत ओतायचं नाही, एवढं मात्र जेटीवरच्या सगळ्यांनी पाळायला हवं.

पिन-ऑन-डिस्क चाचणीत (फिरत्या चकतीवर नमुन्याची पिन घासून) आमच्या नमुन्याचं वजन घासल्यावर वाढलं! मशीन बिघडलं का?

मशीन बरोबर आहे. तुम्ही नमुना ॲसिटोनने धुतला असणार. सच्छिद्र नमुना द्रव पितो, डिस्कवरचं लोखंडही पृष्ठभागावर चढतं. भट्टीत हलकं सुकवून मग वजन करा, आणि वजनासोबत पिनची लांबीही मोजा. पहिली काही मिनिटं सोडून द्या. काळपट थर बसायच्या आधीचे आकडे त्या मालाचे नसतातच. डिस्कवरची भुकटी फेकू नका, कागदावर घेऊन भिंगाखाली बघा. बारीक काळी पूड म्हणजे थर झिजतोय. चमकणारे तांबडे पापुद्रे म्हणजे धातू सोलतोय. खरखरीत दाणे असतील तर भट्टीची नोंदवही उघडा.

पंख्याचा किंवा पंपाचा बुश अजून चांगला आहे की गेला, हे घरी कसं कळेल?

रॉकेलने धुऊ नका, आतलं तेल जाईल. ग्रीस भरू नका, छिद्रं बुजतील. आतून एमरी पेपरही मारू नका, मऊ ब्रॉन्झ पसरून छिद्रांची तोंडं मिटतात. बुश काढून उन्हात किंवा गरम तव्याच्या कडेला हाताला सोसेल इतका तापू द्या. आतल्या बाजूला तेलाचे बारीक थेंब उमटले, तर जिवंत आहे. कोरडाच राहिला, तर पातळ मशीन ऑइल ७०-८० अंशांपर्यंत गरम करून त्यात बुडवा आणि तेल थंड होईपर्यंत तसाच राहू द्या. मग बाहेर काढा, पुसा, पुन्हा तापवून बघा. याही वेळी थेंब दिसले नाहीत तर नवा आणा.